वसईच्या घंटांची आख्यायिका : एक परीक्षण

तळ्याहून पालीस गेलेल्या यात्रेकरूस बल्लाळेश्वराच्या देवळात दोन गोष्टी हटकून दाखविल्या जातात. दक्षिणायनाच्या अखेरीच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडतात, ही पहिली. आणि देवळातील परदेशी घडणीची मोठी घंटा, ही दुसरी. पहिलीची प्रचीती ज्याला त्याला डोळ्यांनी घेता येते. दुसरीविषयी जे सांगितले जाते ते मात्र ऐकून विश्वासाने स्वीकारावे लागते. ते असे की, चिमाजी अप्पांनी वसई व साष्टी जिंकून तेथील चर्चांच्या मनोऱ्यांतून ज्या घंटा उतरविल्या त्यांतील एक त्यांनी बल्लाळेश्वरास अर्पण केली. भीमाशंकर, मेणवली, नाशिक, पुणे या ठिकाणीही स्थलनामाचा फरक करून हीच कथा सांगतात. घंटांची संख्या कोणी पाच म्हणतो, कोणी त्याहून कितीतरी अधिक.

प्रस्तुत लेखकाने शिक्षकाच्या पेशात असताना ही कथा वर्गात अनेक वेळा सांगितली आहे, आणि ती सांगताना आवाज चढविलाही आहे. तेव्हा हे परीक्षण प्रथम स्वतःच्याच विधानाचे आहे. वसईचा विजय थोर होता यात शंका नाही, व तो थोर ठरण्यास घंटेच्या साक्षीची गरजही नाही. परंतु घंटा हा अक्षरांकित धातूचा लेख आहे. ताम्रपटाची परीक्षा करताना जे नियम आपण पाळतो तेच येथे का पाळू नयेत, एवढाच प्रश्न आहे.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. “ही चिमाजी अप्पांनी आणलेली वसईची घंटा” या एका वाक्यात वस्तुतः चार विधाने दडली आहेत. घंटा पोर्तुगीज आहे, हे पहिले. ती वसईची आहे, हे दुसरे. ती चिमाजी अप्पांनी आणविली, हे तिसरे. त्यांनी ती याच देवस्थानास दिली, हे चौथे. पहिले सिद्ध झाले की उरलेली तीन आपोआप सिद्ध झाली असे आपण मानीत आलो, येथेच तर्काचा दोष शिरला. प्रत्येक विधानास स्वतंत्र प्रमाण लागते.

पहिल्या विधानाविषयी फारसा वाद नाही. युरोपीय चर्चची घंटा आकारावरूनच ओळखू येते. तिची कंबर लांब असते व तोंडाची कड बाहेर फाकलेली असते. माथ्यावर अनेक कड्यांचा जुडगा असतो, कारण ती लाकडी तुळईस आवळून तुळईसकट झुलविण्यासाठी ओतलेली असते. आपल्या देवळात तीच घंटा स्थिर टांगली जाते व फक्त लोलक हलविला जातो. शिवाय क्रूस, रोमन अक्षरे व इसवी सनाचा आकडा ही चिन्हे असतात. मेणवलीच्या घंटेवर बाल येशूस घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती व १७०७ हा आकडा आहे. नाशिकास नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ हा आकडा आहे. अशा घंटा पोर्तुगिजांच्या मुलखातून आल्या हे मान्य करण्यास हरकत नसावी.

परंतु घंटेवरील आकडा काय सिद्ध करतो? ती त्या वर्षी ओतली गेली, एवढेच. ती आपल्याकडे त्या वर्षानंतर केव्हातरी आली, हा त्यावरून निघणारा एकमेव निष्कर्ष. हा निष्कर्ष लहान असला तरी निरुपयोगी नाही. उदाहरणार्थ, संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये पोर्तुगिजांवर जी मोहीम केली, तीत चौल-रेवदंड्यास वेढा पडला व गोव्याच्या मुलखात मराठी फौजा शिरल्या. एखादी घंटा त्या मोहिमेतील असेल, अशी कल्पना कोणी मांडल्यास १७०७ व १७२१ हे आकडे या दोन घंटांपुरती ती तत्काळ खोडून टाकतात. आकडा नाकारू शकतो. होकार देण्याचे सामर्थ्य त्यात नाही.

आता दुसरे विधान. १७०७ वा १७२१ मध्ये ओतलेली घंटा मराठ्यांच्या हाती कोठकोठून येऊ शकत होती? १७३७ च्या मार्चमध्ये ठाणे पडले व साष्टी बेटातील चर्चे मराठ्यांच्या अमलाखाली आली. १७३९ च्या जानेवारीत माहीम, तारापूर ही उत्तरेकडील ठाणी घेतली गेली आणि मे महिन्यात वसई आली. त्याच १७३९ साली व्यंकटराव घोरपडे यांची फौज गोव्याच्या साष्टीत उतरून मडगावापर्यंत पोहोचली. पुढे १७४० च्या सप्टेंबरातील तहाने चौलचा कोट, म्हणजे आपला रेवदंडा, आणि कोरलई ही पोर्तुगिजांनी मराठ्यांस सोडून दिली. म्हणजे चार वर्षांत निदान चार मुलखांतील चर्चांच्या घंटा मराठ्यांच्या आवाक्यात आल्या होत्या. त्यांतून वसई हे एकच नाव लोकांच्या जिभेवर राहिले, कारण सर्वांत मोठा रणसंग्राम तेथे झाला. कीर्ती मोठ्या नावाकडे ओढली जाते, हा आख्यायिकांचा सामान्य धर्म आहे.

येथे साष्टी या नावाचा घोटाळाही ध्यानात घेण्याजोगा आहे. मुंबईच्या उत्तरेचे बेट ते साष्टी व गोव्यातील तालुका तोही साष्टी. दोहोंचे मूळ षट्षष्टि, अर्थात सहासष्ट गावे, हेच सांगतात. “साष्टीची घंटा” असे एखाद्या वृद्धाच्या तोंडून ऐकले किंवा बाडात वाचले, तर कोणती साष्टी हा प्रश्न विचारल्याखेरीज पुढे जाता कामा नये.

पालीपुरते बोलावयाचे तर रेवदंड्याचा विचार वसईइतकाच, किंबहुना अगोदर, व्हावयास पाहिजे. रेवदंडा कुंडलिकेच्या मुखाशी आहे व त्याच नदीवर आत रोहे आहे. रोह्याहून पाली लांब नाही. जड घंटा बैलगाडीने घाटाघाटांतून नेण्यापेक्षा भरतीवर होडीतून आत नेणे केव्हाही सोयीचे. अर्थात हा युक्तिवाद दुधारी आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वसईहून निघालेले तारू धरमतरच्या खाडीने नागोठण्यास येऊ शकते आणि नागोठण्याहूनही पाली जवळच. जलमार्ग दोन्हीकडून मोकळा असल्यामुळे भूगोल वसईस बाद करीत नाही; तो फक्त रेवदंड्यास पंक्तीत बसवितो. आमच्या जिल्ह्यातील अभ्यासकांनी, ज्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत व आता रायगड म्हणतात त्या जिल्ह्यातील अभ्यासकांनी, घरच्या रेवदंड्यास वगळून वसईकडेच पाहावे, हे चमत्कारिक आहे.

तिसऱ्या विधानाकडे वळू. घंटा चिमाजी अप्पांनी “लुटून” आणल्या, असे सररास लिहिले जाते. वसईपुरता हा शब्द तपासून घेतला पाहिजे. वसईवर एल्गार झाला, बुरुज सुरुंगांनी उडाले, मराठ्यांची हानी भयंकर झाली, हे सर्व खरे. परंतु कोटाचा ताबा अखेर तहाने मिळाला. कलमे १६ मे १७३९ रोजी ठरली. पोर्तुगीज शिबंदीस सन्मानाने बाहेर पडण्याची, रहिवाशांस आपली जंगम मालमत्ता नेण्याची व मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मोकळीक मिळाली. पोर्तुगीज २३ मे रोजी बाहेर पडले. काही ग्रंथांत या तारखा ५ व १२ मे अशा आढळतात आणि त्यावरून दोन निरनिराळ्या घटना कल्पिलेल्याही दिसतात. वस्तुतः इंग्रजांची जुनी गणना पोर्तुगिजांच्या नव्या गणनेहून त्या काळी अकरा दिवस मागे होती, इतकाच तो फरक. दोन्ही तारखा शके १६६१, सिद्धार्थी संवत्सरातील एकाच घटनेच्या आहेत.

या कलमांचा घंटेशी संबंध असा. जंगम मालमत्ता न्यावयाची मुभा होती, पण अवधी आठवड्याचा. भांडी, वस्त्रे, मूर्ती, चांदीची उपकरणे ही होडीत घालता येतात. उंच मनोऱ्यातील शेकडो किलोंची घंटा उतरवावयास पहाड बांधावा लागतो, दोर व कप्प्या लागतात, माहितगार माणसे लागतात. वेढ्यातून नुकत्याच सुटलेल्या लोकांजवळ यांपैकी काय असणार? तेव्हा वसईच्या मोठ्या घंटा जागच्या जागी मागे राहिल्या, असे मानणे युक्तीस धरून आहे. कोणी त्या लुटीच्या ओझ्यात पाठीवर घालून आणल्या नाहीत. कोट सरकारात आला त्याबरोबर त्याही सरकारात आल्या. सरकारात आलेली वस्तू सरकारच्या हुकमाने देवस्थानास दिली जाते, व असा हुकूम झाला असल्यास त्याची नोंद होते. म्हणजे “लूट” हा शब्द सोडला की शोधाची दिशाच बदलते. वीरकथेच्या बाडाऐवजी दानाच्या, वाहतुकीच्या व देवस्थानखर्चाच्या जमाखर्चाकडे वळावे लागते. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांपैकी १६ वा खंड वसईच्या मोहिमेस वाहिलेला आहे. या विषयात पडणाराने तो तर चाळावाच, पण देवस्थानांच्या वहिवाटदारांकडील रुमालही सोडवून पाहावेत.

चौथे विधान सर्वांत दुबळे आहे, कारण त्याची परीक्षा केवळ कालगणनेने होते. चिमाजी अप्पा १७४० च्या डिसेंबरात वारले. वसई घेतल्यावर ते दीड-पावणेदोन वर्षेच जगले. आता एकेक स्थान पाहू. नाशिकचे रामेश्वराचे देऊळ, जे नारोशंकराचे म्हणून प्रसिद्ध आहे, ते नारो शंकर राजेबहादर यांनी १७४७ मध्ये बांधिले, अर्थात अप्पांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८३ च्या नाशिक खंडात या घंटेविषयी दोन परंपरा दिल्या आहेत. एक म्हणते वसईहून आली, दुसरी म्हणते दिल्लीहून. इसवी सनाच्या आकड्यावरून त्या लेखकाने वसईकडे कौल दिला, आणि तो वाजवी आहे. परंतु पुढे लोकांनी दिल्लीची परंपरा समूळ गाळून टाकली आणि वसईच्या परंपरेस चिमाजी अप्पांचे नाव जोडले. गॅझेटियरात जेथे दोन परंपरांची तुलना होती, तेथे आता एकच निःशंक विधान उरले.

मेणवलीची गोष्ट याहून बोलकी आहे. तो गाव नाना फडणिसांस १७६८ च्या डिसेंबरात मिळाला. वाडा व घाट त्यानंतरचे. नानांचा जन्मच १७४२ मधला, म्हणजे वसईनंतर तीन वर्षांनी. तेव्हा मेणवलीच्या घाटावर ती घंटा चढली ती वसई पडल्यावर तीस वर्षांच्या आत चढलेली असणे कठीण. मध्यंतरी ती कोठे होती? पुण्याच्या सरकारी कोठारात, दुसऱ्या एखाद्या देवळात, की कोणा सरदाराच्या वाड्यात? हा प्रश्न आख्यायिका उत्पन्नच होऊ देत नाही. ती तीस वर्षांचा काळ एका वाक्यात गिळून टाकते. पालीसही तीच अडचण. तेथील जुन्या लाकडी देवळाचे दगडी देऊळ फडणीस घराण्याकडून १७६० च्या सुमारास झाले. घंटा अप्पांनी दिली असेल तर ती लाकडी देवळास दिली असली पाहिजे. आणि नवे देऊळ बांधणारांनी दिली असेल, तर देणारे नाव फडणिसांचे, अप्पांचे नव्हे. मेणवली व पाली या दोन्ही ठिकाणी फडणीस घराण्याचा संबंध यावा, हा केवळ योगायोग मानून सोडून देण्याजोगा नाही. भीमाशंकराचे स्थान मात्र पेशव्यांच्या पूर्वीपासूनचे. तेथे शनिमंदिरासमोर असलेल्या घंटेच्या बाबतीत असा कालविरोध येत नाही. म्हणून सर्व घंटांवर एकच शिक्का मारणे अयोग्य. काही ठिकाणी आख्यायिका संभाव्य आहे, काही ठिकाणी तिला मुरड घालावी लागते, काही ठिकाणी ती टिकत नाही.

दोन किरकोळ परंतु सर्वत्र आढळणाऱ्या विधानांचाही येथेच समाचार घेऊ. “ही घंटा पंचधातूची आहे” असे बहुतेक ठिकाणी सांगतात. पंचधातू ही आपल्या मूर्तिकारांची कल्पना आहे. युरोपातील ओतारी घंटेस तांबे व कथील एवढेच घेत, सामान्यतः तांब्याचे चार भाग व कथिलाचा एक. आपल्याकडे यालाच कांसे म्हणतात. पोर्तुगीज चिन्हांच्या घंटेस पंचधातूची म्हणणे म्हणजे ती आपली झाल्यावर तिचे रक्तही आपलेच होते असे म्हणण्यासारखे आहे. दुसरे विधान वजनाचे. मेणवलीच्या घंटेचे वजन ६५० किलोंवर सांगतात. काटा न लावता याची पडताळणी होऊ शकते. तोंडाचा व्यास एक मीटर असलेली चर्चची घंटा साधारण ६०० ते ७०० किलोंची भरते, आणि व्यास दुप्पट झाल्यास वजन आठपट होते. सुतळी व गजपट्टी एवढ्या साहित्यावर कोणाही शाळामास्तरास हे गणित मांडता येईल. सांगितलेला आकडा या हिशेबाशी जुळला तर विश्वास वाढेल. न जुळल्यास पुजाऱ्याशी न भांडता पुन्हा मोजावे.

मग आख्यायिकेत काहीच सार नाही काय? तसे मुळीच नाही. तोफेच्या धातूतही तांबे व कथीलच असते, फक्त कथील कमी. घंटा वितळवून वर तांबे घातले की तोफेचा धातू होतो, आणि अठराव्या शतकात मराठ्यांस तोफांची वाण सदैव होती. असे असता या घंटा मुशीत न जाता देवळात गेल्या. शत्रूच्या देवाचे चिन्ह त्यांवर उठावाने आहे, ते कोणी कानशीने घासूनही काढले नाही. मेणवलीस मेरी व बाल येशू आजही महादेवाच्या सान्निध्यात आहेत. कोणत्या हाताने घंटा आणली हे अनिश्चित राहिले, तरी ती अशी राखली गेली हे निश्चित आहे, आणि आख्यायिकेपेक्षा ही वस्तुस्थिती अधिक मोलाची आहे.

आणखी एक गोष्ट. चर्चची घंटा हे त्या वस्तीचे घड्याळ होते. सकाळ, दुपार, सायंकाळ अशी तीन वेळा प्रार्थनेची सूचना तीच देई आणि शेतातला माणूस तिच्या नादावर दिवस मोजी. आपल्याकडे काळ मोजण्याचे साधन निराळे. बुडास छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडीत. ती बुडाली की चोवीस मिनिटांची एक घटिका झाली, अशा साठ घटिकांचा अहोरात्र. घटिका भरली की काशाच्या थाळीवर टोला देत. घड्याळ हा शब्द मुळात त्या थाळीचाच. देवळाच्या घंटेकडे वेळ सांगण्याचे काम नव्हते. देवास आवाहन व अशुभाचे निवारण हे तिचे काम. तेव्हा वसईची असो वा रेवदंड्याची, ती घंटा देवळात आली तेव्हा तिचा व्यवसायच बदलला. जी ठरलेल्या वेळी एकाच्या हाताने सर्वांसाठी वाजत असे, ती कोणत्याही वेळी प्रत्येकाच्या हाताने स्वतःसाठी वाजू लागली.

काळ सांगणाऱ्या घंटा आपल्याकडे पुन्हा मनोऱ्यावर चढल्या त्या इंग्रजी अमलात, आणि त्यांतील अग्रगण्य मुंबईचा राजाबाई मनोरा. त्याची कागदपत्रे पाहावीत. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी व पुढे मनोऱ्यासाठी प्रत्येकी दोन लाख रुपये देऊ केले. मनोऱ्यास आईचे नाव मिळाले. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, पाया १ मार्च १८६९ रोजी घातला गेला, काम १८७८ च्या नोव्हेंबरात पुरे झाले, उंची २८० फूट, घंटा सोळा. इतके सर्व नोंदलेले असताही लोक सांगतात ते निराळेच. राजाबाई अंध होत्या व जैनधर्मीय असल्याने त्यांस सूर्यास्तापूर्वी जेवावयाचे असे. वेळ कळावी म्हणून मुलाने मनोरा उभारला, अशी ती कथा. ज्या मनोऱ्याचे कागद जपलेले आहेत त्याच्याभोवतीही दीडशे वर्षांत कथेची वेल चढते, तर ज्या घंटांचे कागद कोणी शोधलेच नाहीत त्यांची काय कथा! मनोऱ्याच्या बाबतीत मात्र कथा बाजूस ठेवून मूळ दानपत्राकडे जाता येते. घंटांच्या बाबतीत मूळ लेख म्हणजे घंटेचे अंगच.

आणि ते अंग झिजत चालले आहे. उत्सवापूर्वी चिंच-रांगोळीने घासून घंटा लखलखीत करण्याची चाल आहे. त्यात उठावाची अक्षरे दर वर्षी थोडी थोडी बोथट होतात. कोठे तैलरंग चढतो आणि रंगाचे थर अक्षरांच्या खोबणी बुजवितात. भक्तीने होणारी ही हानी द्वेषाने होणाऱ्या हानीहून कमी नाही. म्हणून मंडळाच्या सभासदांस व पोथ्या-कागद जमविणाऱ्या सर्व सज्जनांस विनंती आहे की, आपापल्या भागातील अशा प्रत्येक घंटेचा कागदी ठसा विश्वस्तांच्या अनुमतीने घ्यावा. तोंडाचा व्यास, उंची, कड्यांची संख्या, आकडा, अक्षरे, चिन्हे यांची टाचणे करावीत. वसईच्या कोटात १५४६ चे व १६०१ मध्ये वाढविलेले संत जोसेफचे चर्च भग्नावस्थेत असले, तरी त्याचा मनोरा उभा आहे. त्यातील घंटेच्या कमानींची रुंदी मोजून ती घंटांच्या व्यासाशी ताडून पाहावी. रेवदंड्याच्या अवशेषांतही तोच उद्योग व्हावा. कमानीत न मावणारी घंटा त्या कमानीची असू शकत नाही. एवढा नकार मिळाला तरी एक पाऊल पुढे पडले.

असो. पालीस पुढल्या खेपेस एखादा विद्यार्थी भेटला व त्याने विचारले, तर प्रस्तुत लेखक आता इतकेच सांगेल की, बाळ, ही घंटा पोर्तुगिजांच्या मुलखातली मानतात. वसई किंवा रेवदंडा दोन्ही संभवतात. येथे ती दोनशे वर्षांहून अधिक काळ वाजत आली असावी. बाकीचे तू शोध. पूर्वीच्या उत्तराहून हे उत्तर तोकडे आहे. पण त्यात उसना आवाज नाही.